सातव्या रांगेतलं पाणी

अप्पांनी विज्ञानाला अकरा वाजता बोलावलं होतं. साडेअकरा होऊन गेले तरी विज्ञानाचा पत्ता नव्हता, तेव्हा थोरलीने एक सुस्कारा सोडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू आवाजात म्हणाली, "निकाल चांगला असता तर पोरगी धावत आली असती."

"बस मिळाली नसेल, वहिनी," धाकटा म्हणाला.

"तुम्ही कशाला घाबरताय, भाऊजी? तुमचा निकाल तर कधीच लागलाय."

आत्या खुदकन हसली आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागली. थोरलीच्या विनोदाला हसायचं नाही असं तिने गेल्या महिन्यापासून ठरवलं होतं. पण विनोद धाकट्यावर होता, म्हणून चुकून निसटलं.

गेल्या महिन्यात याच खोलीत खुर्चीवरून जे झालं ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. दोन किटल्या फुटल्या, आत्याने सख्ख्या भावाला 'लाकडी जिभेचा' म्हटलं, थोरलीने नवऱ्याची बाजू घेताघेता सासरच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला. ज्यांच्या खुर्चीसाठी हे चाललं होतं ते अप्पा त्याच खुर्चीत बसून ऐकत होते. आपण गेल्यावर घरात काय होईल याची काही म्हाताऱ्यांना चिंता असते. अप्पांना ते आपल्या हयातीतच बघायला मिळतंय याचं समाधान होतं. भांडण पुरेसं पाहून झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि जाहीर केलं, की आता आपल्या बी.एस्सी.च्या कॉलेजातलं मशीन सांगेल ते खरं.

बी.एस्सी. म्हणजे धाकट्याची मुलगी. तिला एक चांगलं नाव होतं, पण मॉलिक्युलर जेनेटिक्स घेऊन ती दुसऱ्या वर्षाला गेली तेव्हापासून घरात ते कुणी वापरलं नव्हतं. थोरलीच्या मते या विषयाचा उच्चार होईपर्यंत मुलीचं लग्नाचं वय उलटून जाईल. अप्पांच्या मते विषय उत्तम होता, कारण त्यात घराणं येतं.

आणि घराणं म्हणजे जीभ. चहा चाखून त्याचं मिश्रण ठरवायचं हा या घराचा धंदा. अप्पांचे वडील एका फुरक्यात चहाचा मळा सांगायचे, डोंगराची बाजू सांगायचे आणि पानं खुडणारीचं त्या सकाळी घरी भांडण झालं होतं की नाही तेही सांगायचे, अशी आख्यायिका होती. ती पडताळून बघायला कुणी कधी मळ्यात गेलं नाही, त्यामुळे ती टिकून राहिली. उत्तरेला मोठी खिडकी असलेली ही लांबट खोली, पांढरं टेबल, त्यावर ओळीने पांढरे कप, दोन माणसांत एक पितळी पिकदाणी. चहा चमच्याने फुरकायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा. तीन पिढ्या चहावर जगलेल्या या घरात या खोलीत कुणी चहा प्यायल्याचं मात्र कुणालाच आठवत नाही.

धाकट्याचा निकाल लागला तो इथेच. तेव्हा तो कॉलेजात होता. बाहेरगावची मोठी गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना त्याने कपांची अख्खी ओळ चुकीची सांगितली. अप्पा गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "याच्या तोंडात जीभ नाही, चपलेचा तळ आहे," आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला पॅकिंगला धाडलं. तेव्हापासून तो खोके, चिकटपट्ट्या आणि वजनकाटे यांत रमला होता, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. घरच्या बैठकीखेरीज या खोलीचा उंबरठा तो ओलांडत नसे. आणि बैठकीतही दाराजवळच्या स्टुलावर बसे, उठायला सोपं म्हणून.

बी.एस्सी.ला हे लहानपणापासून सलत होतं. प्रॅक्टिकलच्या मॅडमनी 'कडू चव ओळखणारा जीन' हा प्रयोग दिला आणि नमुने घरच्यांचे आणा म्हणून सांगितलं, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार बाबाचाच आला. अर्थात, या जीनवरून एक विशिष्ट रसायन कडू लागतं की नाही एवढंच कळतं, चहा चाखण्याच्या हुशारीशी त्याचा संबंध नाही, हे तिने घरात दहा वेळा सांगितलं होतं. घराने त्यातले 'जीन' आणि 'चव' एवढे दोनच शब्द उचलले आणि बाकीचे परत केले.

नमुने घ्यायचा दिवसही याच खोलीत पार पडला. प्रत्येकाने मिठाच्या पाण्याने खळखळून गुळण्या करायच्या आणि ते पाणी परत कपात थुंकायचं, म्हणजे गालाच्या आतल्या पेशी त्यात येतात. कॉलेजने प्लास्टिकचे कप दिले होते. पण या खोलीत प्लास्टिक तोंडाला लावायचं नाही हा अप्पांचा दंडक, म्हणून मग चाखायचेच पांढरे कप ओळीने मांडले गेले. सहा माणसांचे सहा, शिवाय एक. बी.एस्सी.ची आई, धाकटी, तेवढी आली नव्हती. "माझी जीभ माझ्याजवळ राहू दे," असं नवऱ्याजवळ सांगून ती माहेरी निघून गेली होती, आणि या घरात येऊन इतकं शहाणपण टिकवलेली ती एकटीच.

दार ढकलून बी.एस्सी. आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. थोरलीने तो बघितला आणि तिला एकदम बरं वाटलं.

"अप्पा, फोटो दाखवायच्या आधी मला काहीतरी सांगायचंय."

"या खोलीत आधी चाखतात, मग बोलतात," अप्पा म्हणाले. "दाखव."

"अहो पण ते ऐकल्याशिवाय—"

"दे गं इकडे," म्हणून थोरल्याने तिच्या हातातला फोन काढूनच घेतला. एरवी ज्या मोठ्या पडद्यावर लिलावाचे भाव दिसायचे तिथे फोटो झळकला. काळी पार्श्वभूमी, त्यावर उभ्या सात रांगा आणि प्रत्येक रांगेत पांढुरके आडवे पट्टे. एक वर, एक खाली.

थोरल्याने चष्मा पुसला. गेली कित्येक वर्षं तो अप्पांच्या उजव्या हाताला बसून चाखत होता आणि अप्पा म्हणतील त्याच्याशी सहमत होत होता. आपल्या रांगेत काहीतरी निराळं, ठसठशीत असणार याची त्याला खात्री होती.

"माझी कुठली?"

"दुसरी, मोठे काका. पण—"

"आणि पट्ट्यांचा अर्थ काय?"

"खालचा पट्टा म्हणजे कडू ओळखणारा जीन. वरचा म्हणजे न ओळखणारा. दोन्ही पट्टे म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही प्रकार आलेत. पण मोठे काका, हे सगळं—"

"सगळ्यांना दोन्ही आहेत," आत्या म्हणाली. ती पडद्याजवळ जाऊन नाक लावून बघत होती. "अप्पांना दोन. दादाला दोन. मला दोन. हा... हा धाकट्याचा ना? यालाही दोन!"

धाकटा स्टुलावरून अर्धवट उठला आणि परत बसला.

थोरलीने मात्र वेगळंच हेरलं होतं. "तिसरी माझी आहे," ती सावकाश म्हणाली. "माझ्यातही अगदी तसेच आहेत. अप्पा, मी तर बाहेरून आलेली."

मग अप्पांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत सुनेकडे बघून त्यांनी मान डोलावली ती पहिल्यांदाच.

"याला म्हणतात घराणं," ते म्हणाले. "बाहेरचा माणूस येतो, आपल्यात राहतो, आपल्या चालीने चालतो, आणि हळूहळू रक्तातसुद्धा आपला होतो. मी हे न शिकता सांगत होतो. आता मशीनने सांगितलं."

"तसं होत नाही, अप्पा," बी.एस्सी. म्हणाली.

"फोटो तू आणलास ना?"

"हो, पण—"

"मग झालं."

एवढ्या एका फोटोमुळे पाच मिनिटांत घरातली माणसं जागा बदलून बसली. आत्या गेला महिनाभर थोरलीचं तोंड बघत नव्हती, ती आता तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "वहिनी, मी कधीची म्हणतेय, तुमची जीभ चांगलीच आहे." थोरली म्हणाली, "वन्सं, तुम्हालाच काय ती माझी पारख." सगळ्यांची जीभ सारखीच असेल तर दादानेच खुर्चीत का बसावं, हा प्रश्न दोघींना एकदमच पडला होता आणि दोघींनी तो एकमेकींच्या डोळ्यांत वाचला होता. पुढे त्या खुर्चीत दोघींपैकी कोण बसणार, हे भांडण त्यांनी शहाणपणाने पुढच्या महिन्यावर टाकलं.

थोरला एकटा पडला. त्याने बायकोकडे बघितलं, बायकोने पडद्याकडे बघितलं. मग त्याने विज्ञानावरच हत्यार उपसलं. "या कॉलेजच्या मशीनचं काय खरं? पोरासोरांच्या हातातली मशीनं."

"गेल्या महिन्यात तूच म्हणालास ना दादा, विज्ञान खोटं बोलत नाही?" आत्या म्हणाली.

"विज्ञान नाही बोलत खोटं, पण मशीन बिघडतं." मग तो थेट धाकट्याकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला या भावाची गरज पडली होती. "तू सांग रे. तुला चहातलं काही कळत नाही. हो की नाही? तुला स्वतःला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, दादा."

"बघा! हा स्वतः सांगतोय."

"त्याला काय कळतंय स्वतःबद्दल?" अप्पा गरजले. "मी चुकीचा निकाल दिला होता त्या दिवशी. गिऱ्हाइकांसमोर पोरगं बावरलं असेल. जीभ आहे त्याला. माझीच आहे!"

धाकट्याने खाली बघितलं. हे वाक्य ऐकण्यासाठी त्याने काय दिलं असतं, आणि ते इतकं फुकट कसं मिळालं, हेच त्याला समजेना. उठून अप्पांच्या पायाशी बसावं असं त्याला वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

बी.एस्सी.ने बाबाचा चेहरा बघितला आणि तोंडातलं वाक्य गिळलं.

तिला माहीत होतं की हा फोटो टाकाऊ आहे. शुक्रवारी प्रयोगशाळेत पट्टे दाखवणाऱ्या पारदर्शक जेलच्या थराखाली दिवा लावला, तेव्हा सगळ्या मुलींच्या रांगांमध्ये वेगवेगळे पट्टे चमकले होते, आणि हिच्या सातही रांगा एकसारख्या. मॅडमनी बोट सातव्या रांगेवर ठेवलं. "ही कोणाची?" ती म्हणाली, "पाणी." मॅडम म्हणाल्या, "पाण्याला जीन कधीपासून आले?" अख्खा वर्ग हसला. तिने त्याच नमुन्यांवर मॅडमच्या डोळ्यांदेखत पुन्हा सगळं केलं, नवीन हातमोजे घालून, नवीन नळ्या घेऊन. पुन्हा तेच. म्हणजे घाण प्रयोगशाळेतली नव्हती, घरूनच आली होती. मॅडमनी सांगितलं, कारण शोधून लिही. नाही सापडलं तर मला 'हाताळणीतला निष्काळजीपणा' असा शेरा मारावा लागेल, आणि मग सुट्टीत माझ्या प्रयोगशाळेत काम करायची जागा तुला देता येणार नाही. ती जागा मिळावी म्हणून बी.एस्सी. वर्षभर पुढच्या बाकावर बसली होती.

पण बाबा दाराजवळ बसून खाली बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. आपण गप्प बसलो तर काय बिघडेल, असं तिला एकदा वाटून गेलं. खोटा का होईना, निकाल तर हवा तोच लागला होता.

गप्प बसायची संधी तिला आत्याने दिली नाही.

"माणसं सहा," आत्या बोटांवर मोजत म्हणाली, "आणि रांगा सात. ही सातवी कोण गं?"

आता खोटं बोलणं भाग होतं, आणि ते तिला जमेना. "ते पाणी आहे, आत्या."

"म्हणजे?"

"मिठाचं पाणी. ज्यात कुणीच गुळणी केली नाही असा एक कप मुद्दाम ठेवतात. त्याच्या रांगेत काहीच यायला नको. कोरी राहायला हवी."

सगळ्यांनी सातव्या रांगेकडे बघितलं. वर एक पट्टा, खाली एक पट्टा. पाण्याचे पट्टे घरातल्या सगळ्यांपेक्षा स्वच्छ होते.

"कुठलं पाणी?" अप्पांनी विचारलं.

"इथल्याच नळाचं. उकळून गार केलेलं."

"तरीच!" अप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "माझ्या वडिलांपासून या नळाच्या पाण्यात चहा होतोय. पाण्याला लागली जीभ!"

आत्या आणि थोरलीने एकमेकींकडे बघितलं. खुर्चीच्या भांडणात आता पाणीही उतरतंय की काय, अशी शंका दोघींच्या चेहऱ्यावर उमटली. थोरला मात्र खूश झाला. "बघा, बघा! मी म्हटलं ना मशीन बिघडलंय?"

"मशीन बरोबर आहे," बी.एस्सी. म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "पाण्यात पट्टे आले म्हणजे पाण्यात कुणाची तरी लाळ पडली. आणि ती लाळ सगळ्याच कपांत पडलीय, कुणीही गुळण्या करायच्या आधी. त्या माणसाला दोन्ही पट्टे आहेत, म्हणून सगळ्यांना दोन्ही दिसतायत. खरं कुणाचं काय आहे ते या फोटोवरून सांगताच येत नाही. काकूचंही नाही, बाबाचंही नाही. मी लेबलं लिहायला पलीकडे ऑफिसात गेले होते तेवढ्या वेळात इथे काहीतरी झालं. कुणी कपांना तोंड लावलं का? कुणीही रागावणार नाही, मला फक्त कारण लिहायचंय."

थोरला फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला. थोरली ओढणीचं टोक नीट करायला लागली. आत्याला खिडकीबाहेर फार महत्त्वाचं काहीतरी दिसलं.

सगळ्यांनी पाहिलं होतं. तीच तर अडचण होती. बी.एस्सी. पलीकडे गेली होती, कप ओळीने मांडलेले होते, आणि अप्पा उठले होते. एका हातात चमचा, दुसरा हात पाठीशी. पहिल्या कपात चमचा, फुरका, थू. दुसऱ्या कपात चमचा, फुरका, थू. शेवटच्या कपापर्यंत. तोच चमचा. बोलताबोलता सगळे ते बघत होते आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण या खोलीत कपांची ओळ मांडली की अप्पा ती चाखत जातात, जसा कुणी दार दिसलं की लोटतो. धाकट्याला तर हेही आठवत होतं की तिसऱ्या कपाशी अप्पा थबकले होते, 'यात कमी आहे' असं पुटपुटले होते आणि पुढे गेले होते.

"पोरीच्याच हातून काहीतरी झालं असणार," अप्पा म्हणाले. "नवीन आहे, शिकेल."

"हो, वय काय तिचं," थोरली घाईघाईने म्हणाली.

"माझ्या हातून सुरुवातीला किती कप फुटले," आत्या म्हणाली.

"मीही तेच म्हणत होतो, पोरासोरांचा हात," थोरल्याने फोनमधून मान वर न करता सांगितलं. गेल्या महिन्यात किटल्या फोडणारं हे कुटुंब इतकं एकदिलाने बोलताना बऱ्याच दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं.

बी.एस्सी.चे डोळे भरून आले. "मी नाही काही केलेलं. दोनदा केलं मी सगळं. मॅडम समोर होत्या."

"अगं, कॉलेजात एखादा शेरा पडला तर जग बुडत नाही," अप्पा समजुतीने म्हणाले. "आणि एवढ्याशा पाण्यासाठी सगळा निकाल कशाला फेकायचा? निकाल बरोबर आहे. मला पटलाय." मग ते धाकट्याकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ आवाज मुलांनी लहानपणानंतर ऐकला नव्हता. "उद्यापासून तू इथे ये. माझ्या डाव्या हाताला बस. पॅकिंगला दुसरा माणूस बघू. काय?"

धाकट्याने खोलीकडे बघितलं. उत्तरेच्या खिडकीतून येणारा सरळ, थंड उजेड, टेबलाचा झिजलेला काठ, डाव्या हाताची रिकामी जागा. पॅकिंगमध्ये तो वाईट नव्हता. पण रोज सकाळी खोके बांधताना वरच्या मजल्यावरून फुरक्यांचे आवाज यायचे, आणि आजतागायत एक दिवस असा गेला नव्हता की त्याने ते ऐकले नाहीत. आता फक्त गप्प बसायचं होतं. इतकी वर्षं त्याने तेच तर केलं होतं.

मग त्याचं लक्ष मुलीकडे गेलं. ती मनगटाने नाक पुसत होती, आणि त्याच्याकडे बघून तिने हळूच मान हलवली. हो म्हण, असं ती सांगत होती. चालेल मला.

त्याला ते सहन झालं नाही. गिऱ्हाइकांसमोर आपलं नाव खराब झालं तेव्हा कसं वाटलं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि आपल्याला निदान खरंच काही येत नव्हतं. हिला येत होतं.

"अप्पा, कपांतलं पाणी तुम्ही चाखलंत," तो म्हणाला.

"मी?"

"एकाच चमच्याने. सगळे कप."

अप्पांना खरंच आठवत नव्हतं. त्यांनी मनात शोधून पाहिलं आणि काही सापडलं नाही. रोज शेकडो वेळा केलेली गोष्ट मनात वेगळी कशी सापडणार? त्यांना मनापासून राग आला. "तोंड सांभाळून बोल. कुणी पाहिलं? तू पाहिलंस?" त्यांनी थोरल्याला विचारलं.

"मी फोनवर होतो तेव्हा."

"तू?"

"मी खिडकीशी," आत्या म्हणाली.

"मी कपांकडे बघतच नाही अप्पा, मला त्यातलं काय कळतंय," थोरली म्हणाली. थोड्या वेळापूर्वी मिळालेली जीभ तिने बिनतक्रार परत केली.

"पाहिलंस? कुणीही नाही," अप्पा म्हणाले. "मी चाखलं असतं तर मला आठवलं नसतं? चहा असो नाहीतर मिठाचं पाणी."

धाकट्याने मान डोलावली. सगळ्यांना वाटलं, झालं, घातलं शेपूट. मग तो अगदी सहज, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "असेल, माझंच चुकलं असेल. पण तिसऱ्या कपात मीठ फार जास्त झालं होतं, एवढं मला नक्की—"

"जास्त?" अप्पा खुर्चीतून उठलेच. "जास्त कुठलं? कमी होतं! तिसऱ्यात निम्मं होतं मीठ! पहिले दोन बरोबर होते, चौथाही बरोबर होता, तिसऱ्यात पाणी वाढवलेलं होतं कुणीतरी. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं! तुझ्या तोंडात—"

तिथे ते थांबले.

कुणीही हसलं नाही. हसायचं की नाही हे ठरवण्याइतका वेळच कुणाला मिळाला नाही. बी.एस्सी. मात्र डोळे पुसत अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तिसऱ्या कपात मी पाणी वाढवलं होतं. थोडं सांडलं म्हणून."

अप्पा परत खुर्चीत बसले. चोरी पकडली गेली होती, आणि जीभही सिद्ध झाली होती. यातल्या कशाला साजेसं तोंड करावं हे त्यांना कळेना. शेवटी दोन्हींच्या मधलं काहीतरी चेहऱ्यावर आलं. "बघितलंत?" ते पुटपुटले. "निम्मं होतं." मग धाकट्याकडे न बघता म्हणाले, "तुझं इथे येणं राहू दे आता. पॅकिंगला माणूस सापडत नाही."

"बरं," धाकटा म्हणाला.

आत्याने आपली खुर्ची हळूच थोरलीपासून लांब सरकवली. थोरली नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या कॉलरवरचा नसलेला धागा काढायला लागली.

"तू कशाला बोललास, बाबा?" बी.एस्सी. दाराजवळ येऊन कुजबुजली. ती रागावली होती. "एक शेराच तर होता. मी पुढच्या वर्षी मागितली असती जागा."

"तुला येतं ते काम," धाकटा म्हणाला. "ज्याला येतं त्याला येत नाही म्हणायचं म्हणजे काय? मला नाही बघवलं ते." मग जरा थांबून म्हणाला, "मला जीभ आहे असं अप्पा म्हणाले ना, तेव्हा बरं वाटलं मला. खूप बरं वाटलं. खोटं कशाला सांगू."

तिने त्याचा हात घट्ट धरला, मग सोडला, आणि बॅग उघडून कॉलेजचे प्लास्टिकचे कप काढले. ते तिने टेबलावर मांडले तेव्हा अप्पांच्या कपाळावर आठी पडली.

"पुन्हा घेते नमुने," ती म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. "एकएकाने यायचं. बाकीचे भिंतीशी उभे राहा, टेबलाला हात लावायचा नाही. अप्पा, तुमचा नमुना शेवटी. तोवर तुम्ही बाहेर थांबा."

"बाहेर? कुठे बाहेर?"

"व्हरांड्यात बाक आहे."

अप्पांनी थोरल्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. कुणीतरी या पोरीला गप्प करेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण सगळे भिंतीशी जाऊन शिस्तीत उभे राहिले होते. या घराला हुकूम पाळायची सवय होती. तो कोणाचा आहे याकडे सहसा कुणी बघत नसे.

"बाबा, तू जा त्यांच्याबरोबर," बी.एस्सी. म्हणाली. "त्यांना आत येऊ देऊ नकोस."

दार लागलं. व्हरांड्यातल्या बाकावर दोघे शेजारी बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. अप्पांनी हात गुडघ्यांवर ठेवले, मग छातीशी बांधले, मग पुन्हा गुडघ्यांवर ठेवले. आतून गुळण्यांचा खळखळाट येत होता. मध्येच थोरली हसल्यासारखं वाटलं, आत्या काहीतरी बोलली, बी.एस्सी.ने दोघींना दटावलं.

"काय म्हणाली ती?"

"ऐकू नाही आलं."

"मीठ बरोबर घातलं असेल का या वेळी?"

"बघेल ती."

अप्पा बंद दाराकडे बघत राहिले. या दाराची बाहेरची बाजू त्यांनी अशी बसून कधी पाहिली नव्हती. खालच्या कोपऱ्यात रंग उडाला होता हेही त्यांना आजच दिसलं.

"विचित्र वाटतं रे," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "आत आपल्यावाचून सगळं चाललंय असं."

"पहिली काही वर्षं वाटतं तसं, अप्पा," धाकटा म्हणाला, आणि त्यांना भिंतीला नीट टेकता यावं म्हणून थोडा सरकून बसला.